तासाला एक बाटली: जैसलमेर ते तनोट, एका दिवसाचं प्रकरण

आमच्या गटातल्या ताईंच्या सायकलच्या दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. त्यावर माझ्या अक्षरात 'तासाला 1' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे ताईंनी बॉलपेनने केलेल्या सात बारीक रेघा. त्या दिवशी नेमकं काय झालं याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे ती पट्टी. बाकी सगळं आमच्या आठवणींवर आहे, आणि आठवणी सोयीच्या असतात.

हे लिहिताना नावं मुद्दाम वगळली आहेत. ताई म्हणजे 54 वर्षांच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, वजन 48 किलो. दादा म्हणजे त्यांचे यजमान. काका 67 वर्षांचे. आमच्यात एक डॉक्टर होते, पण दातांचे. शिवाय कॉलेजात शिकणारी एक मुलगी, जिला सगळे 'पोरी' म्हणूनच हाक मारायचे. सहलीचा आराखडा माझा आणि शेवटून चालणारा स्वीपही मीच. म्हणजे पाण्याचा नियम माझा, वेळापत्रक माझं आणि शेवटच्या सायकलची जबाबदारीही माझी.

आम्ही चौदा जण नाशिकचे. 2015 साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, रॅम, म्हणजे सायकलने अख्खी अमेरिका ओलांडायची शर्यत, दोघांच्या संघात पूर्ण केली. तेव्हापासून आमच्याकडे दर दुसऱ्या सोसायटीत एक सायकलवेडा गट आहे, तसाच हाही एक. सगळे हौशी. पण कुणी दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) केलेली, कुणी पंढरपूर वारी. जानेवारीत जोधपूरहून निघून तीन दिवसांत जैसलमेरला पोचलो होतो. चौथा दिवस जैसलमेर ते तनोट, जवळपास 120 किलोमीटर. पाचव्या दिवशी लोंगेवालावरून परत फिरायचं.

नियमाची जन्मकथा आधी सांगतो, नाहीतर तो मूर्खपणाच वाटेल. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सिन्नरच्या पुढच्या माळावर आमच्यातला एक तगडा गडी उन्हाने कोसळला होता. सकाळपासून एक बाटलीसुद्धा संपवली नव्हती त्याने. त्यानंतर मी ठरवलं की तहान लागो न लागो, तासाला एक बाटली, म्हणजे पाऊण लिटर. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हा नियम चालून गेला. पुढे वाळवंटात जायचं ठरलं तेव्हा तो नियम तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही, उलट सगळ्यांनी तो आणखी घट्ट धरला. वाळवंट म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ऊन, वाळू, सुकलेला घसा. शाळेच्या भूगोलापासून तेच चित्र. जैसलमेरला निघण्याआधी मी प्रत्येकाच्या दांड्यावर पट्टी चिकटवली आणि पेनही वाटले.

त्या दिवशी सकाळी सहा अंश तापमान होतं.

राजस्थानच्या या टोकाला सूर्य नाशिकपेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा उगवतो. जानेवारीत साडेसात उलटल्यावर उजाडतं आणि सहाच्या सुमारास मावळतं, म्हणजे हातात साडेदहा तासांचा उजेड. हॉटेलच्या अंगणात सीटवर दव गोठल्यासारखं बसलं होतं आणि ब्रेकच्या दांड्या हातमोज्यातूनही चावत होत्या. निघायला सव्वासातचं ठरलं होतं, निघालो 7:50 ला. आदल्या दोन दिवसांत वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला पश्चिमी झंझावात, उत्तरेकडून गेला होता. जैसलमेरला नुसते ढग आले आणि गेले. असे ढग निघून गेले की मागोमाग वायव्येकडून थंड, कोरडा वारा सुटतो. आणि तनोट जैसलमेरच्या नेमकं वायव्येला आहे.

शहर सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर बडा बाग लागते. भाटी राजांच्या छत्र्या, पिवळ्या दगडातल्या, आणि त्यांच्या मागे डोळा पोचेल तिथवर पवनचक्क्या. सगळे फोटो काढायला थांबलो. पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, साताऱ्याकडे चाळकेवाडीला पाहिलेलं. त्या सकाळी शेकडो पवनचक्क्यांची तोंडं आम्ही जाणार होतो त्याच दिशेला होती. पाती भराभर फिरत होती. एकानेही ते मोठ्याने बोलून दाखवलं नाही. माझ्या फोनमध्ये तो फोटो अजून आहे. ताई हसतायत, मागे पाती फिरल्याने धूसर झालीयत.

समोरच्या वाऱ्याचं गणित सोपं आणि निर्दयी आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सायकल वीसच्या वेगाने चाललीय आणि समोरून वाराही वीसचा, तर अंगावर चाळीसची हवा येते, विरोध चौपट होतो. त्यामुळे कुणी वीसने जातच नाही. तगडे पंधरावर येतात, बाकीचे बारा-तेरावर. घाटात निदान माथा दिसतो, आशा असते. इथे रस्ता ओढलेल्या दोरीसारखा सरळ आणि दोन्ही बाजूंना मुरमाड माळ. वाळूचे डोंगर पाहायला आलेल्या आमच्या मंडळींचा इथे थोडा हिरमोड झाला. सेवण गवताचे झुबके, आकाची झुडपं (आपली रुईच), मधूनच एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. हे कळल्यावर काकांनी सायकल थांबवून दोन पानं खिशात टाकली. माळढोक दिसेल का म्हणून पोरीचे डोळे क्षितिजावर. सोलापूरच्या नान्नजला दिसायचा तो पक्षी आता उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, इथे त्याला गोडावण म्हणतात. दिसला नाही.

वाऱ्यात एकामागे एक राहिलं तर मागच्याची बरीच ताकद वाचते. पण त्यासाठी वेग सारखा लागतो. तासाभरात आमच्या चौदांचे तीन तुकडे झाले. पुढे सहा, मधे चार, आणि शेवटी ताई, काका, पोरी आणि मी. सोनूच्या खाणींकडून चुनखडीचे ट्रक येत होते. समोरून ट्रक गेला की वाऱ्याची भिंत आदळायची आणि ताई हॅन्डल घट्ट धरून थांबायच्या. 10:20 ला 32 किलोमीटर झाले होते. नियमाप्रमाणे मी हाळी दिली, "बाटली!" ताईंनी उरलेले घोट संपवले, पेन काढलं, रेघ मारली. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई, हिशोबाला पक्की. आमच्या गटात नियम तंतोतंत पाळणारी ती एकटीच होती, हे मला नंतर कळलं. पोरीने तिसऱ्या तासापासून रेघा नुसत्याच मारल्या होत्या. काकांनी पेनच हरवलं होतं.

रामगढला 1:05 ला पोचलो, 62 किलोमीटर. आराखड्यात सव्वाअकरा लिहिले होते. रामगढ म्हणजे एक बाजाररस्ता, गॅसवर चालणारं वीजकेंद्र आणि इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने आसपास हिरवी झालेली शेतं. पंजाबातल्या हरिकेहून निघालेलं पाणी इथवर येतं, हे ऐकूनच आमच्यातल्या शेतकरी पोराला गहिवरून आलं. पुढचे सहा जण जेवून निघून गेले होते. मधले चार जण निघायच्या बेतात. ढाब्यावर गरम दाल आणि जाड रोट्या होत्या. ताईंनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "पोट टम्म आहे," म्हणाल्या. डोकंही दुखत होतं. सकाळी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेतलेली, इथे आणखी एक घेतली, वर दोन ग्लास पाणी. हातमोजा काढताना त्यांना जोर लावावा लागला. मी समोर बसून ते पाहिलं. थंडीने हात आखडले असतील, एवढंच मनात आलं.

त्या दिवशीची मोठी चूक पाण्याची होती असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोठी चूक रामगढच्या त्या ढाब्यावर झाली. पुढे 57 किलोमीटर होते, घड्याळात 1:50 झाले होते, सूर्य सहा-सव्वासहाला जाणार होता. चार-सव्वाचार तासांचा उजेड, ताशी अकरा-बाराचा वेग, म्हणजे फार तर 48-50 किलोमीटर. हा हिशोब तोंडी करता येतो. मी तो केलाही होता. तरीही निघालो, कारण तनोटला खोल्या सांगून ठेवल्या होत्या, पुढचे गेले होते, आणि 'गाडीत बसा' हे ताईंना सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी वर्षभर या दिवसाची तयारी केली होती. त्यात मी आणखी एक घोळ घातला. सपोर्ट गाडीच्या मामांना म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा, खोल्यांचं बघा, अंधार पडायच्या आत परत आमच्याकडे या." रामगढ सोडलं की मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. गाडी दोन वाजता गेली.

रामगढनंतर रस्ता बदलतो. वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि रस्ता त्यांच्यावरून वर-खाली, वर-खाली जातो. इथे खरं वाळवंट दिसतं, आणि सुंदर दिसतं. वाऱ्याने डांबरावर वाळूच्या बारीक शेपट्या सरपटत होत्या. एका उतारावर पोरीला सराट्याने पंक्चर दिलं, त्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत ताई रस्त्याकडेच्या दगडावर बसून होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, "रामगढ किती राहिलं?" पहिल्यांदा मी म्हणालो, "ताई, रामगढ मागे गेलं, आता तनोट." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा काका हसले, तेव्हा ताईही हसल्या. ओठ फुटले होते, चेहरा पांढरट झाला होता. 3:50 ला सातवी रेघ मारली गेली. ती रेघ वाकडी आहे, पट्टीच्या कडेबाहेर गेलेली.

सव्वाचारला, रामगढपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, ताई एका चढावर सायकलसकट आडव्या झाल्या. वेग इतका कमी होता की लागलं काहीच नाही. उठून बसल्या आणि उलटी झाली. नुसतं पाणी. पुन्हा उलटी, पुन्हा पाणी. बोलणं जड झालं होतं.

आम्ही काय केलं? वाळवंटात माणूस कोसळलं की जे करतात असं वाटतं तेच केलं. सावलीत बसवलं, म्हणजे सावली नव्हतीच, आम्ही उभे राहून केली. ओआरएसची पुडी फोडली, अर्धा लिटर केलं आणि पाजायला लागलो. "नको," त्या म्हणत होत्या, "पोटात डुचमळतंय." आम्ही तिघंही म्हणत होतो, "घ्या ताई, दोनच घोट, बरं वाटेल." लाडाने, आग्रहाने, आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत करतात तसा. त्यांनी घेतलं. तापमान तेव्हा सतरा-अठरा अंश होतं. मी स्वतः जॅकेट घालून उभा होतो आणि बाईला ऊन लागलंय असं समजत होतो.

समोरून, तनोटच्या बाजूने, एक कॅम्पर आली. मागे कडब्यासारखा चारा आणि त्यावर दोन बकऱ्या. या भागात पिकअपला सगळे कॅम्परच म्हणतात. डोक्याला पिवळा फेटा बांधलेला ड्रायव्हर उतरला, "राम राम सा" केलं, ताईंकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकलं. काही विचारलंच नाही. आता प्रश्न होता मागे कोण राहणार. गाडीत पुढे जागा दोघांपुरती. काका म्हणाले, "तू जा. मी आणि पोरगी सायकली सांभाळतो, गाडी येईलच." 67 वर्षांचा माणूस आणि 21 वर्षांची मुलगी यांना संध्याकाळच्या तोंडावर सीमेकडच्या रस्त्यावर सोडून मी निघालो. यावर नंतर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. दुसरा काय मार्ग होता ते वाद घालणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं नाही. दोघांनी काटक्या गोळा करून शेकोटी केली. तनोटला पाचला पोचलेल्या दादांना चैन पडेना म्हणून ते मामांना घेऊन तसेच उलटे निघाले आणि पावणेसहाला या दोघांपाशी पोचले, एवढं इथे पुरे.

रामगढच्या आरोग्य केंद्रात पाच वाजून गेले होते. तिथले डॉक्टर तरुण होते, पंचवीस-सव्वीसचे. सिस्टरने सलाइनची बाटली स्टँडला अडकवलीसुद्धा होती. मी हिंदीत सगळं सांगितलं: सायकल, वाळवंट, सकाळपासून, उलट्या, डिहायड्रेशन. त्यांनी ताईंची जीभ पाहिली. मग हात हातात घेतला आणि बोटं दाबून पाहिली. अंगठीच्या दोन्ही बाजूंना मांस फुगून वर आलं होतं. घड्याळाचा पट्टा सोडला तर खाली खोल वळ.

"पानी कितना पिया?"

मी अभिमानाने सांगितलं, "भरपूर. हर घंटे एक बोतल."

"कितने घंटे?"

तेव्हा मला पट्टी आठवली. ताईंची सायकल मागे राहिली होती, पण शेवटची रेघ मारताना मी शेजारीच होतो. सात. सात गुणिले पाऊण लिटर, सव्वापाच. वर ढाब्यावरचे दोन ग्लास आणि चहा, वर आम्ही पाजलेलं अर्धा लिटर. सहा लिटरच्या वर. डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले, सिस्टरला सलाइन लावू नका म्हणाले, आणि मला म्हणाले, "अब एक घूँट भी नहीं." मग 108 ला फोन लावला.

जैसलमेरच्या रुग्णालयात पावणेसातला पोचलो. रक्तातलं सोडियम 124 आलं. निरोगी माणसाचं 135 ते 145 असतं.

याला व्यायामाशी निगडित हायपोनेट्रेमिया म्हणतात, म्हणजे रक्तातलं सोडियम घसरणं. मला हा शब्द त्या रात्री कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा कळला, आणि घरी आल्यावर कळलं की तो चाळीस वर्षं जुना आहे. 1985 साली दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोसळलेल्या खेळाडूंबद्दल लिहिलं तेव्हापासून हे नोंदलेलं आहे. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्यांच्यात ठळकपणे कोण होतं? शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे गमावलं त्यापेक्षा जास्त पाणी प्यालेले, आणि चार तासांहून जास्त वेळ धावणारे, म्हणजे सावकाश जाणारे. तगडा माणूस पुढे निघून जातो, त्याला प्यायला सवडच नसते. मागे राहणारा, अंगाने लहान, शिस्तीचा माणूस घोट घोट पीत राहतो.

शरीराच्या आत घडतं ते असं. लांब श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकायला कुचराई करतात. दुखण्याच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. थंडीत घाम कमी, म्हणजे बाहेर जाणारं पाणी थोडं आणि आत येणारं पाऊण लिटर दर तासाला. रक्त पातळ होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी रुतते, एवढंच. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते. डोकेदुखी, मळमळ, तेच तेच विचारणं, गोंधळणं, पुढे झटके. ताई झटक्यांच्या अलीकडे होत्या. किती अलीकडे, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आमचं ओआरएस? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असतं, सगळं मिळून सोडियम 75. रक्ताच्या जवळपास निम्मं. जुलाबात जीव वाचवणारं औषध आहे ते, पण रक्त आधीच पातळ झालेल्या माणसाला ते आणखी पाणीच ठरतं. रुग्णालयात दिलं ते तीन टक्क्यांचं खारं सलाइन, नेहमीच्या 0.9 टक्क्यांच्या तिपटीहून जास्त. शंभर मिलीची छोटी मात्रा, मग थांबून पाहणं.

आणि खुणा सगळ्या समोर होत्या, हेच मला खटकत राहतं. पाणी कमी पडलेल्या माणसाची जीभ कोरडी असते. ताईंच्या तोंडात लाळ होती. फुटले होते ते ओठ, वाऱ्याने. त्यांना तहान नव्हती, आणि ते त्या स्पष्ट मराठीत सांगत होत्या. हातमोजा अडकत होता, पोट टम्म होतं, उलटीत पाणी होतं. फुटलेले ओठ आणि चक्कर एवढंच आम्ही उचललं, कारण वाळवंटाच्या चित्रात तेवढंच बसत होतं. दातांचे डॉक्टर आमच्या तुकडीत असते तर ओळखलं असतं का, असं मी त्यांना नंतर विचारलं. "नसतं ओळखलं," ते म्हणाले. "मीही ओआरएसच पाजलं असतं." या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर आहे.

रात्री अकराच्या सुमारास ताईंना लघवीला लागली, एकदा, दोनदा, तीनदा. सिस्टर हसून म्हणाली, आता काळजी नको. मग त्यांनी चहा मागितला आणि दादांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा कप चालेल. पहाटे अंगठी बोटात सैल फिरत होती.

तनोटला राहिलेल्या मंडळींना हे रात्री नऊनंतर कळलं, तेही मंदिरातल्या जवानांनी फोन लावून दिला म्हणून. तनोटमातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. 1965 च्या युद्धात आवारात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे काचेच्या कपाटात मांडलेले आहेत. आरतीला जवानच असतात. सकाळी सगळे जैसलमेरला यायला निघाले होते. ताईंनीच फोनवरून दम दिला की ठरलेलं पुरं करा. तोच वारा आता पाठीवर होता. लोंगेवालावरून रामगढपर्यंतचे ऐंशीएक किलोमीटर त्यांनी गाणी म्हणत केले. लोंगेवालाला रणगाड्यांपुढे फोटो, 1971 च्या डिसेंबरमधल्या त्या रात्रीच्या गोष्टी, सगळं यथासांग. मला हे ऐकून थोडा रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर बैठक झाली. बैठक म्हणजे कॉलेज रोडला मिसळ. पाण्याचा नियम काढून टाकायला फारसा विरोध झाला नाही. 2015 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही हेच सांगितलं आहे, की तहान लागेल तसं प्या. आता गाडीत वजनकाटा असतो. सकाळी आणि दुपारी चढायचं, वजन वाढलेलं दिसलं की त्या माणसाची बाटली बंद. भडंग आणि खारे दाणे भरपूर, दुखण्याच्या गोळ्या सायकलवर असेपर्यंत नाहीत. शेवटच्या सायकलच्या पुढे गाडी जाणार नाही, हेही ठरलं. एका जुन्या सदस्याने मात्र टेबलावर मूठ आपटून विचारलं, "आणि मे महिन्यात पुन्हा कुणी सिन्नरला पडला म्हणजे?" प्रश्न रास्त होता. तो तगडा गडी पडला होता तेव्हा तहान मारत होता, कारण थांबलं की गट पुढे जाईल अशी धास्ती. तेव्हा थांबण्याबद्दल ठरवायला हवं होतं, आणि मी बाटल्यांबद्दल ठरवून बसलो.

परत फिरायच्या वेळेवर एकमत झालं नाही. मी म्हणतो, अर्ध्या रस्त्यावर ठरलेल्या घड्याळाला पोचला नाहीत तर सगळ्यांनी गाडीत बसायचं, कुणालाही विचारायचं नाही. निम्म्या लोकांना हे हुकूमशाही वाटतं. ताई त्या निम्म्यांत आहेत. "मला रामगढला विचारलं असतंस तर मी बसले असते," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बसला नसता." त्यावर त्यांनी मिसळीत लिंबू पिळलं आणि दादांकडे पाहिलं. दादांनी वर बघितलं नाही.